घरच्या गाडीला कुठलं इंजिन ऑइल? महाड-पोलादपूरच्या घाटांचा आणि पावसाचा हिशेब

गाडीची सर्व्हिसिंग जवळ आली की घरात एकच सवाल निघतो, ऑइल कुठलं टाकायचं? आणि जवाब चार मिळतात. गॅरेजवाला म्हणतो, "घाटातली गाडी आहे, जाड ऑइल टाका." कुवेतला असलेला भाऊ फोनवर सांगतो, "इकडे एवढ्या गरमीत सगळे वीस-पन्नास टाकतात, तेच घे." दुकानदार सगळ्यात महाग डबा पुढे सरकवतो. मुंबईचा भाचा मोबाईलवर व्हिडिओ पाहून सांगतो की पातळ ऑइलच आता चालतं. चौघांचीही नीयत साफ असते. फक्त चौघंही आपापल्या गाडीबद्दल बोलत असतात, तुमच्या गाडीबद्दल नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवते, गॅरेज चालवत नाही. पण घरची गाडी माझ्याच हातात असते. आपल्या भागात अशी घरं पुष्कळ आहेत, जिथे कमावता माणूस सौदी, कतार नाहीतर मुंबईला आणि गाडी बहिणीच्या, अम्मीच्या किंवा कॉलेजातल्या मुलाच्या भरवशावर. गॅरेजमध्ये उभं राहून "काय टाकू?" असं विचारलं गेलं की आपण गप्प होतो, आणि समोरचा जे हाताशी आहे ते ओततो. तीन-चार लिटर तेलाचा प्रश्न आहे असं वाटतं. पण इंजिनचं काम निघालं तर खर्च एखाद्या घराच्या कित्येक महिन्यांच्या पगाराइतका जातो, म्हणून एकदा नीट समजून घेऊ.

आधी ऑइल करतं काय? इंजिनात पिस्टन मिनिटाला हजारो वेळा वर-खाली होतो, क्रँक फिरतो, लोखंडाशेजारून लोखंड सरकतं. त्यांच्या मध्ये तेलाचा जो पातळ पापुद्रा असतो, तोच इंजिन वाचवतो. पापुद्रा तुटला की धातू धातूला घासतो. त्याशिवाय हेच तेल पिस्टनच्या खालची उष्णता वाहून नेतं, जळणाची काजळी आपल्यात धरून ठेवतं, आतल्या भागांना गंज चढू देत नाही. काळं झालेलं ऑइल पाहून आपण नाक मुरडतो, पण घाण उचलणं हे त्याचं कामच आहे. डिझेल गाडीत तर नवं ऑइल टाकून थोडं चालवलं तरी काळं दिसतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. उलट सीएनजी गाडीत ऑइल महिनोन्महिने सोनेरी दिसतं, कारण गॅस जळताना काजळी कमी होते. म्हणून "अजून साफ आहे, पुढच्या ईदला बदलू" असं म्हणत लोक लांबवतात. पण गॅसची उष्णता जास्त, आणि त्या तेलाची ताकद रंग न बदलताही संपत असते. रंगावर जाऊ नका, किलोमीटर आणि तारखेवर जा.

आता डब्यावरचे आकडे. ५डब्ल्यू-३०, १५डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५०, असं काहीतरी लिहिलेलं असतं. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. डब्ल्यूच्या आधीचा आकडा सांगतो की इंजिन थंड असताना तेल किती सहज वाहतं. आकडा जितका लहान, तितकं थंडीत सहज वाहणारं. नंतरचा आकडा सांगतो की तेल शंभर अंशांपर्यंत तापल्यावर किती जाड राहतं. हे आकडे तापमानाचे अंश नाहीत, फक्त वर्ग आहेत, जशी पहिली इयत्ता, दुसरी इयत्ता.

डिसेंबरमध्ये आपल्याकडे पहाटे खोबरेल तेल बाटलीत गोठतं आणि उन्हात ठेवलं की पाण्यासारखं होतं, हे सगळ्यांनी पाहिलंय. इंजिन ऑइल तसं गोठत नाही, पण थंडीत जाड आणि उष्णतेत पातळ होण्याचा स्वभाव तोच. जुन्या काळी एकाच आकड्याची ऑइल असायची, त्यांना हा स्वभाव पूर्णपणे भोगावा लागे. दोन आकड्यांच्या ऑइलमध्ये अशी रसायनं घातलेली असतात की तापल्यावर ते गरजेपेक्षा जास्त पातळ होत नाही. ही रसायनं वापराने तुटत जातात, ऑइल "मरतं" म्हणतात त्याचं हे एक कारण.

महाडला पारा शून्याच्या जवळ जात नाही, मग पहिल्या आकड्याचं आपल्याला काय? थोडं काम आहे. रात्रभर उभ्या गाडीतलं सगळं तेल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं. सकाळी चावी फिरवल्यावर ते पंपाने वर चढेपर्यंतचे काही क्षण इंजिनला सगळ्यात जास्त झीज देतात. चाळीस अंश तापमानालासुद्धा २०डब्ल्यू-५० हे ५डब्ल्यू-३० पेक्षा दुपटीहून जास्त जाड असतं. म्हणजे काश्मीरची थंडी नसली तरी फरक पडतोच. पण आपल्यासाठी खरा महत्त्वाचा आकडा दुसरा, आणि खरा घोळही तिथेच आहे.

"जाड ऑइल म्हणजे मजबूत ऑइल" ही समजूत आपल्याकडे घट्ट बसलेली आहे. एके काळी ती फार चुकीची नव्हती. जुन्या जीप, ट्रॅक्स, ओम्नीच्या काळात इंजिनच्या भागांमधल्या फटी मोठ्या असत, ऑइलचा दर्जा साधा असे, जाड तेल टिकून राही. आजचं इंजिन वेगळं. फटी बारीक, तेल जायच्या वाटा अरुंद, आणि बऱ्याच गाड्यांत वाल्व्ह कधी उघडायचा हे ठरवणारी यंत्रणाच तेलाच्या दाबावर चालते. कंपनीने तो सगळा हिशेब ठराविक पातळपणा धरून केलेला असतो. मारुतीच्या अलीकडच्या बऱ्याच पेट्रोल इंजिनांसाठी कंपनी ०डब्ल्यू-१६ सांगते. हे तेल हातात घेतलं तर जुन्या मिस्त्रीला ते जवळजवळ रॉकेलसारखं वाटतं, आणि तो भल्याच्या भावनेने त्यात २०डब्ल्यू-५० ओततो. गाडी बंद पडत नाही, म्हणून कोणाला कळतही नाही. मायलेज घसरतं, सकाळी इंजिन कुरकुरतं, आणि वरच्या भागाला तेल उशिरा पोचत राहतं. नुकसान असं हळूहळू होतं.

उलटही खरं आहे. पंधरा वर्षं जुन्या, १५डब्ल्यू-४० वर वाढलेल्या डिझेल गाडीत कोणाच्या सांगण्यावरून एकदम पातळ ऑइल टाकलं, तर ती ऑइल खायला लागेल, निळसर धूर मारेल.

कुवेतवाल्या भावाचं काय मग? तिकडे उन्हाळ्यात पारा पन्नासला टेकतो, इकडे एप्रिल-मेमध्ये चाळीसच्या आसपास. वाटतं की तिकडचं ऑइल इकडे आणखी चांगलं. पण इंजिनला बाहेरच्या हवेचं तेवढं पडलेलं नसतं. थर्मोस्टॅट आणि रेडिएटर मिळून इंजिनचं पाणी दोन्हीकडे नव्वद अंशांच्या आसपासच ठेवतात, आणि तेल त्याच्याहून थोडं वर. तेल खरं तापतं ते ओझ्याने आणि चढाने. शिवाय त्याच नावाच्या गाडीला तिकडे वेगळं इंजिन असू शकतं. भावाचा सल्ला प्रेमाचा आहे, पण त्याच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आहे.

तर सगळ्यात पहिलं काम, डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकमध्ये पडलेलं मॅन्युअल काढा. शेवटच्या पानांकडे तेल, पाणी, टायरची हवा यांचा तक्ता असतो. त्यात तीन गोष्टी असतात: ग्रेड, दर्जा आणि लिटर. त्या तिन्हींचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि घरच्या ग्रुपवर टाका. जुनी गाडी घेतली आणि मॅन्युअल मिळालंच नाही, तर बहुतेक कंपन्यांच्या वेबसाइटवर मॉडेल आणि साल टाकून ते मिळतं. काही मॅन्युअलमध्ये एकाऐवजी दोन-तीन ग्रेड दिलेल्या असतात. त्यातली आपली निवड इथे होते. गाडी नवी, बहुतेक महाड गावातल्या गावात आणि हायवेला फिरते, तर त्यातली पातळ घ्या. एक लाखाच्या वर चालली आहे, दर महिन्याला माणसं भरून आंबेनळी चढते, तर त्यातलीच जाड घ्या. यादीच्या बाहेर मात्र जाऊ नका.

दर्जाची अक्षरं आणि बीएस-६ ची गोम

ग्रेड बरोबर असली म्हणजे काम झालं असं नाही. दुसरी ओळ वाचायला हवी, आणि आपल्या भागातल्या डिझेल गाड्यांच्या बाबतीत ही ओळ ग्रेडपेक्षाही महत्त्वाची झाली आहे.

डब्यावर एपीआय लिहून पुढे अक्षरं असतात. एस पासून सुरू होणारी पेट्रोलसाठी, सी पासून सुरू होणारी डिझेलसाठी. पुढचं अक्षर जितकं वर्णमालेत पुढचं, तितका दर्जा नवा. पेट्रोलमध्ये एसएल हा २००१ चा, एसएन २०१० चा, एसपी २०२० चा. नवा दर्जा जुन्या गाडीला चालतो, जुना नव्याला चालत नाही. मॅन्युअल एसएन म्हणत असेल तर एसपी बिनधास्त घ्या. छोट्या टर्बो पेट्रोल गाडीला तर एसपी घ्यावंच, कारण कमी वेगात जोर लावल्यावर त्या इंजिनांत अवेळी स्फोट होण्याचा जो धोका असतो, तो डोळ्यांसमोर ठेवूनच हा दर्जा केला गेला.

डिझेलमध्ये मात्र "नवा जुन्याला चालतो" एवढं म्हणून भागत नाही. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ लागू झालं. त्यानंतरच्या बहुतेक डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारी एक जाळी बसवलेली असते, तिला डीपीएफ म्हणतात. काजळी साचली की गाडी स्वतःच जास्त उष्णता निर्माण करून ती जाळून टाकते. पण ऑइलमधल्या काही रसायनांची जी राख होते ती जळत नाही. ती जाळीत कायमची बसते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं. त्याच्या डब्यावर एसीईए सी२, सी३, सी५ असं काहीतरी किंवा कंपनीचा स्वतःचा मंजुरी क्रमांक असतो. जुन्या डिझेलसाठीचं सीएच-४ किंवा सीआय-४ हे तेल वाईट नाही, ट्रक आणि जुन्या जीपसाठी उत्तम आहे. पण या जाळीसाठी ते विष.

आमच्या नात्यातल्या एका घरी हेच झालं. गाडी २०२१ ची, डिझेल. वॉरंटी संपल्यावर सर्व्हिसिंग जवळच्या एका गॅरेजमध्ये सुरू झाली, आणि तिथे सगळ्या डिझेल गाड्यांना एकाच ड्रममधलं १५डब्ल्यू-४० पडायचं. दोन सर्व्हिसिंग निघून गेल्या. मग जाळीचा दिवा डॅशबोर्डवर वरचेवर लागायला लागला, चढावर गाडी मागे ओढल्यासारखी वाटू लागली. शेवटी शोरूमला नेल्यावर जाळी काढून साफ करायचं बिल ऐकून सगळे गप्प. दोष एकट्या ऑइलचा होता असं मी म्हणणार नाही. गाडी रोज घर, बाजार, मदरसा एवढीच फिरत होती, त्यामुळे जाळी स्वतःला साफ करायला लागणारी उष्णताच तिला मिळत नव्हती. पण राखेने हालत आणखी खराब केली एवढं नक्की.

याच गाड्यांची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जाळी जाळायला गाडी जास्तीचं डिझेल सोडते. ते काम अर्ध्यावर असताना आपण चावी बंद केली, आणि असं पुन्हा पुन्हा झालं, की न जळलेलं थोडं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. मग पट्टीवर ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते. लोक खूश होतात, "गाडी ऑइल खातच नाही!" पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल तर ते पातळ झालेलं ऑइल आहे, तारीख न बघता बदलून टाका. आणि महिन्यातून दोन वेळा तरी गाडी हायवेला काढून अर्धा तास सलग चालवा. माणगावपर्यंत जाऊन आलं तरी पुरतं.

मिनरल, सेमी, फुल सिंथेटिक

दुकानात सगळ्यात जास्त बोलणं यावरच होतं, म्हणून दोन शब्द. मिनरल म्हणजे कच्च्या तेलातून गाळून काढलेलं साधं तेल. सिंथेटिक म्हणजे प्रयोगशाळेत घडवलेलं, असा आपला समज. पण बाजारातलं बरंचसं "सिंथेटिक" हेही कच्च्या तेलापासूनच, फार पुढपर्यंत शुद्ध केलेलं असतं. १९९९ साली अमेरिकेत दोन बड्या ऑइल कंपन्यांत यावरूनच वाद झाला होता, आणि जाहिरातींची तक्रार ऐकणाऱ्या संस्थेने अशा तेलाला सिंथेटिक म्हणायला हरकत नाही असं ठरवलं. "सेमी" मध्ये किती टक्के सिंथेटिक हे डब्यावर नसतंच. म्हणून या शब्दांमागे फार धावू नका. ग्रेड आणि दर्जा बरोबर असेल तर बाकीचं आपोआप ठरतं. ०डब्ल्यू किंवा ५डब्ल्यू ची चांगली तेलं साध्या मिनरलमध्ये बनवणं अवघडच असतं, त्यामुळे नव्या गाडीला सिंथेटिक मिळतंच. जुन्या गाडीला चांगलं मिनरल वेळेवर बदललं तर महाग सिंथेटिक दोन वर्षं तसंच ठेवण्यापेक्षा ते कधीही बरं.

आपले रस्ते, आपली वापरायची रीत

मॅन्युअलमध्ये बहुतेक गाड्यांना दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असं लिहिलेलं असतं. त्याच्याच खाली बारीक अक्षरांत "कठीण वापर" नावाची ओळ असते: धूळ, डोंगरी रस्ते, जवळच्या जवळ फेऱ्या, गाडी ओढणं. अशा वापराला मुदत निम्म्यावर येते. आता सांगा, महाड-पोलादपूरची कुठली गाडी या ओळीत बसत नाही? हायवेचं काम वर्षानुवर्षं चालल्याची धूळ आपण खाल्लीच. पोलादपूरहून आंबेनळी चढून महाबळेश्वरला जायचं म्हणजे चाळीसेक किलोमीटरमध्ये जवळजवळ समुद्रसपाटीवरून साडेचार हजार फुटांच्या आसपास. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, सात माणसं भरून, एसी लावून. तेल तेव्हा शंभराच्या बरंच वर तापतं. कशेडीला बोगदा झाल्यापासून खेडकडचा चढ सोपा झाला, पण आंबेनळी आणि वरंधला पर्याय नाही.

घाट चढण्याआधी पट्टी जरूर बघा. ऑइल कमी असेल तर सपाट रस्त्यावर कळत नाही, पण तीव्र वळणावर किंवा चढावर चेंबरमधलं तेल एका बाजूला सरकतं आणि पंपाच्या तोंडाशी हवा येते. डॅशबोर्डवर लाल तेलाच्या बुधलीचा दिवा क्षणभर लुकलुकतो तो यामुळे. तो दिवा लागला आणि टिकला तर "पुढच्या गावात बघू" म्हणायचं नाही. जागा बघून गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. पिवळा दिवा वाट बघतो, हा लाल दिवा बघत नाही. आणि टर्बोची गाडी असेल तर वर पोचल्यावर लगेच चावी काढू नका. मिनिटभर इंजिन तसंच चालू राहू द्या, म्हणजे तापलेल्या टर्बोमधलं तेल जागच्या जागी करपत नाही.

घाटापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती उभ्या गाड्यांची. साहेब वर्षातून एकदा सुट्टीवर येणार, तोपर्यंत गाडी पत्र्याच्या शेडमध्ये झाकलेली. घरातलं कोणी दर जुम्म्याला चावी लावून पाच मिनिटं इंजिन चालू ठेवतं आणि बंद करतं. बॅटरी वाचावी हा हेतू. इंजिनच्या दृष्टीने मात्र हे न चालू करण्यापेक्षा वाईट. इंधन जळताना पाण्याची वाफ होते. इंजिन पूर्ण तापलं तर ती बाहेर जाते, पाच मिनिटांत ती आतच पाणी होऊन ऑइलमध्ये मिसळते. आणि आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने हवाच ओली, तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. चालू करायची तर वीस-पंचवीस मिनिटं रस्त्यावर फिरवून आणा, नाहीतर बॅटरीची तार काढून गाडी शांतपणे उभी राहू द्या. आणि मीटर दोन हजारच पुढे गेला असला तरी वर्षाने ऑइल बदलायचंच.

पावसाळ्यात ऑइलचं झाकण उघडल्यावर आतून दुधाळ, साईसारखा थर दिसला तर लगेच हाय खाऊ नका. जवळच्या फेऱ्यांमुळे साचलेली वाफ असते ती, लांबचा एक फेरा मारला की बहुधा जाते. पण पट्टीवरचं ऑइलसुद्धा दुधाच्या चहासारखं दिसत असेल आणि रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल, तर हेड गॅस्केट गेलं असण्याची शक्यता आहे. गाडी चालवू नका, मेकॅनिकला बोलवा.

पुराचं पाणी गेलं असेल तर

२२ जुलै २०२१ चा पूर महाडकरांना आठवून द्यायची गरज नाही. सावित्रीचं आणि गांधारीचं पाणी घरांच्या पहिल्या मजल्यापर्यंत चढलं होतं, गाड्या तर छपरासकट बुडाल्या. पाणी उतरल्यावर पुष्कळांनी पहिली गोष्ट केली ती चावी फिरवून बघायची. माणसाचं मन आहे, गाडी जिवंत आहे का बघावंसं वाटतंच. पण बुडालेल्या इंजिनची चावी फिरवणं म्हणजे वाचू शकणारं इंजिन मारणं. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पाणी दाबलं जात नाही, पिस्टन जोराने वर येतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

म्हणून चावी नाही, धक्काही नाही. बॅटरीची तार काढायची, पाण्याची रेघ दिसेल असे गाडीचे आतून-बाहेरून फोटो काढायचे, विमा कंपनीला कळवायचं आणि गाडी ओढून न्यायची. विम्यात एक गोष्ट आधीच बघून ठेवा. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत पाणी शिरून इंजिन बिघडल्याचं नुकसान बहुधा धरलं जात नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन हे वेगळं कलम घ्यावं लागतं. नदीकाठच्या घरांनी नूतनीकरणाच्या वेळी ते जरूर विचारावं.

गॅरेजमध्ये चेंबरचा बोल्ट उघडला की आधी पाणी येतं आणि मग तेल, कारण पाणी जड, ते खाली बसलेलं असतं. फक्त ते काढून नवं ऑइल भरलं म्हणजे झालं नाही. पुराच्या पाण्यात गाळ असतो. प्लग किंवा इंजेक्टर काढून सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढायचं, एअर फिल्टर आणि ऑइल फिल्टर नवे, मग बरोबर ग्रेडचं साधं, स्वस्त ऑइल भरून इंजिन थोडा वेळ चालवायचं, ते काढून टाकायचं, फिल्टर पुन्हा नवा, आणि मगच चांगलं ऑइल. गिअरबॉक्सचं तेल, आणि मागच्या चाकांना ताकद जाणारी गाडी असेल तर डिफरन्शियलचं तेलही बघायला लावा. त्या दोघांनाही हवा जायची छोटी नळी असते, तिथून पाणी शिरतं आणि ते सगळे विसरतात.

विकत घेताना आणि ओतताना

नाव कुठलं घ्यावं? सर्वो, मॅक, एचपी या सरकारी पेट्रोल कंपन्यांची ऑइल, कॅस्ट्रॉल, शेल, गल्फ, मोबिल, व्हॅल्व्होलिन, शिवाय गाडी कंपन्यांचे स्वतःचे डबे. मागे बरोबर ग्रेड आणि दर्जा छापलेला असेल तर यातलं कुठलंही चालेल. ब्रँडवरून भांडण्यात अर्थ नाही. भांडायचंच असेल तर नकली मालावरून भांडा. कंपनीचा पेट्रोल पंप, शोरूम किंवा बिल देणारं ओळखीचं दुकान इथूनच घ्या. झाकणाचं सील, बॅच क्रमांक आणि बनवल्याची तारीख बघा. भाव बाजारापेक्षा फारच कमी असेल तर तो भाव कशाचा आहे याचा विचार करा. ड्रममधलं सुटं ऑइल घरच्या गाडीला घेऊ नये. आणि डबा आपल्यासमोर फोडून ओतायला सांगायला लाजू नका, विशेषतः बहिणींनी. गाडी सोडून घरी जायचं आणि संध्याकाळी घेऊन यायचं, यात काय पडलं हे कोणालाच कळत नाही.

ओतताना माप महत्त्वाचं. लहान पेट्रोल गाडीत साधारण तीन-साडेतीन लिटर, मोठ्या डिझेलमध्ये पाच-सहा किंवा जास्त. इंजिनला तीन लिटर लागत असेल आणि डबा साडेतीनचा असेल, तर सवयीने सगळा रिकामा केला जातो. जास्त तेलात क्रँक बुडून फेस होतो, आणि फेसाला ताकद नसते. उरलेलं घरी आणा, वरून भरायला कामाला येतं. पण ते मोटारसायकलमध्ये टाकू नका. बाईकचा क्लच त्याच तेलात भिजलेला असतो, गाडीच्या ऑइलने तो घसरायला लागतो. बाईकला जेएएसओ एमए लिहिलेलंच हवं. दर वेळी ऑइल फिल्टर नवा, बोल्टचं वॉशर नवं. "इंजिन फ्लश" आणि "ऑइलमध्ये टाकायची ताकदीची बाटली" वेळेवर ऑइल बदलणाऱ्या गाडीला लागत नाही, ते पैसे वाचवा.

पट्टी बघायची रीत मुलांनाही शिकवून ठेवा. गाडी सपाट जागी हवी. आपल्याकडे अंगणं उतरती, म्हणून पट्टी नेहमी चुकीचं सांगते, गाडी रस्त्यावर काढून बघा. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबायचं, पट्टी काढून कपड्याने पुसायची, परत पूर्ण आत घालून काढायची. दोन खुणांच्या मध्ये तेल हवं. पंधरा दिवसांतून एकदा पुरे. बॉनेटच्या आत एक कागद चिकटवा: तारीख, किलोमीटर, ग्रेड, दर्जा, किती लिटर. वॉरंटीतली गाडी असेल तर बिलावरही ग्रेड लिहून घ्या. सुट्टीवर आलेल्या माणसाला फोन न करता कळेल, आणि गाडी विकायची वेळ आली तर घेणाराही तो कागद बघेल.

काढलेल्या ऑइलचं काय? कोकणात ते वाळवी लागू नये म्हणून लाकडी खांबांना फासायची जुनी रीत आहे. त्या काळ्या तेलात अंगाला घातक रसायनं असतात, ते उघड्या हाताने फासणं आणि मुलांच्या वावरात ठेवणं बरं नाही. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं तेल मोडतं, म्हणजे ते गटारात ओतायची परवानगी कोणालाच नाही, आणि आपलं गटार शेवटी सावित्रीलाच मिळतं. घरी ऑइल बदलत असाल तर ते जुन्या डब्यात भरून, जे गॅरेज असं तेल गोळा करून परवानाधारकाला देतं तिथे पोचवा. रिकामा नवा डबा भंगारात देण्याआधी त्याला सुरीने आडवा छेद द्या, नाहीतर उद्या त्याच डब्यात कोणी दुसरंच काही भरून आपल्यालाच विकेल.